पाच टक्के डांबर

शिरूर तालुक्यातलं टाकळी हाजी आणि पारनेर तालुक्यातलं निघोज यांच्या मधून कुकडी नदी वाहते. उन्हाळ्यात पाणी आटलं की तिच्या पात्रातल्या काळ्या कातळात खोल, गोल खळगे उघडे पडतात. पोट फुगीर, कडा हात फिरवावा इतक्या गुळगुळीत. म्हणून त्यांना रांजणखळगे म्हणतात. ते कुणी खोदलेले नाहीत. पुराबरोबर आलेले गोटे कातळातल्या बारीकशा खोलगटात अडकले, भोवऱ्यात गरगरत राहिले, दगडाने दगड झिजवला आणि हजारो वर्षांत त्या खोलगटांचे रांजण झाले.

हाच काळा दगड, म्हणजे बसाल्ट, खाणीतून काढून क्रशरवर फोडतात आणि त्याच्या खडीचे रस्ते शिरूर-दौंडभर पसरलेले आहेत. त्या रस्त्यांवर पडणाऱ्या खड्ड्यांमागेही बहुतेक वेळा पाणीच असतं. फरक एवढाच की तिथे त्याला हजारो वर्षं लागत नाहीत, एक पावसाळा पुरतो.

रस्ता उखडला की चहाच्या टपरीवर आणि एसटीच्या थांब्यावर निदान ठरलेलं असतं: डांबर कमी घातलं. काही ठिकाणी ते खरंही असतं. पण डांबर कमी म्हणजे किती कमी, आणि मुळात ते असायला हवं किती, हा हिशेब सहसा कुणी मांडत नाही. तो मांडायला एक चांगलं उदाहरण विदर्भात आहे. जून २०२२ मध्ये पुण्याच्या राजपथ इन्फ्राकॉन या कंपनीने अमरावती-अकोला महामार्गावर एका मार्गिकेचा ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर सलग १०५ तास ३३ मिनिटांत घातला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. त्या कामाला ३६,६३४ टन मिश्रण लागलं. त्यात डांबर होतं २,०७० टन. भागाकार केला तर साडेपाच टक्क्यांच्या थोडं वर. बाकीचं सगळं खडी, कच आणि दगडाची भुकटी.

म्हणजे ज्याला आपण डांबरी रस्ता म्हणतो तो वजनाने दगडाचा रस्ता असतो. सात मीटर रुंद आणि एक किलोमीटर लांब रस्त्यावर चार सेंटीमीटरचा वरचा थर घालायचा तर साधारण ६७० टन मिश्रण लागतं आणि त्यात डांबर जेमतेम ३५ ते ३७ टन. वाहनाचा भार दगड झेलतो. डांबराकडे दोन कामं: खडीला खडी धरून ठेवायची आणि पाणी आत जाऊ द्यायचं नाही. दुसरं काम पहिल्याइतकंच महत्त्वाचं आहे, आणि लोकांच्या बोलण्यात तेच येत नाही.

पाणी अडवण्यासाठी माणूस या चिकट काळ्या पदार्थाकडे फार जुन्या काळी वळला. मोहेंजोदडोच्या महास्नानगृहात पाणी झिरपू नये म्हणून साडेचार हजार वर्षांपूर्वी नैसर्गिक डांबराचा लेप दिलेला होता. रस्त्यावर ते सर्रास यायला मात्र मोटारगाडीची वाट पाहावी लागली. जॉन लाउडन मॅकअॅडम या स्कॉटिश माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फोडलेली खडी थराथराने दाबून रस्ता बांधण्याची रीत रूढ केली. बैलगाडी आणि घोडागाडीला ती उत्तम होती, कारण लोखंडी धावेखाली दगडाची जी भुकटी व्हायची तीच फटींत बसून रस्ता आणखी घट्ट करायची. रबरी टायर आले आणि गणित उलटलं. वेगाने धावणारा टायर ती भुकटी शोषून उडवू लागला, खडी सुटी पडू लागली आणि रस्त्याकडेची गावं धुळीने माखली. ती धूळ बसवण्यासाठी खडीवर डांबर ओतायला सुरुवात झाली.

तेव्हाचं डांबर आणि आजचं डांबर मात्र एक नव्हे. जुनं डांबर दगडी कोळशातून निघायचं. कपाटात ठेवायच्या डांबरगोळ्यांना ते नाव मिळालं ते याच नात्याने, कारण त्यांतलं नॅफ्थलीन कोळशाच्या डांबरातून काढत असत. आज रस्त्यावर पडतं ते खनिज तेलातलं बिटुमेन. कच्चं तेल तापवून त्यातून गॅस, पेट्रोल, रॉकेल, डिझेल असं एकेक काढून घेतल्यावर तळाला जो सगळ्यात जड, दाट गाळ उरतो तो हा. मुंबईत माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत ते तयार होतं आणि उष्णतारोधक टँकरमधून गरम अवस्थेत हॉटमिक्स प्लांटपर्यंत येतं. मराठीने दोन्हींना डांबरच म्हटलं आणि ते चालूनही गेलं.

टँकरच्या कागदावर व्हीजी-३० किंवा व्हीजी-४० असं लिहिलेलं असतं. व्हीजी म्हणजे डांबराच्या दाटपणाची प्रत. आकडा जितका मोठा तितकं डांबर दाट. हा दाटपणा ६० अंश सेल्सिअसला मोजतात, आणि त्याला कारण आहे. मे महिन्यात दौंडला हवेचं तापमान चाळिशीपार जातं, पण उन्हात पडलेला काळा रस्ता त्याहून कितीतरी तापतो, साठीपर्यंत पोचतो. त्या उष्णतेत डांबर पातळ झालं तर जड गाड्यांच्या चाकोरीत रस्ता दबतो आणि लांबच लांब घळी पडतात. फार कडक डांबर घेतलं तर ते थंडीत तडकतं. हवेतल्या प्राणवायूमुळेही ते वर्षानुवर्षं कडक होत जातं. नवा रस्ता काळाभोर असतो आणि जुना करडा पडतो, त्याला तडे जातात, ते या म्हातारपणामुळे. वेळेवर वरून पातळ थर किंवा सीलकोट दिला तर असा रस्ता आणखी काही वर्षं नीट चालतो. तडे रुंदावेपर्यंत थांबलं तर मग पुन्हा खालपासून काम.

आता थोडं जमिनीकडे. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत रस्त्याची परीक्षा पाहणाऱ्या दोन अगदी वेगळ्या जमिनी आहेत. शिरूरच्या पश्चिमेला पाबळ, केंदूर, मलठणकडे माळरान आहे. वरची माती पातळ, खाली मुरूम आणि कातळ. अशा जमिनीवर रस्ता भक्कम बसतो. भीमा आणि घोड नदीच्या काठाने खाली मांडवगण फराटा, इनामगाव, आणि पलीकडे दौंडच्या पाटाच्या पाण्याखालच्या गावांत गेलं की काळीभोर कसदार जमीन लागते. उसाला ती सोन्यासारखी आणि रस्त्याला तितकीच कठीण. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या शेतकऱ्याने रोज पाहिलेल्या असतात. तीच माती रस्त्याखालीही असते. पावसाळ्यात ती रस्ता उचलते, उन्हाळ्यात खाली सोडते. कडेची माती लवकर वाळते आणि मधली ओली राहते, म्हणून तडे आधी रस्त्याच्या कडेला समांतर पडतात. अशा तड्याला वरून कितीही डांबर ओतलं तरी तो पुढच्या उन्हाळ्यात परत दिसतो, कारण दोष खाली आहे.

यावर उपाय जुना आहे आणि तो डांबराच्या खूप खाली करावा लागतो. काळी माती काढायची किंवा तिच्यात चुना मिसळून तिचा फुगीरपणा मारायचा, वर चांगल्या मुरमाचा जाड भराव घालून रस्ता शेतापेक्षा उंच उचलायचा, भरावावर खडीचे थर पाणी मारत रोलरने दाबायचे आणि मग डांबराकडे वळायचं. अभियंते याला लवचीक फरसबंदी म्हणतात. चाकाचा भार वरच्या छोट्याशा ठिकाणी पडतो आणि प्रत्येक थरात पसरत पसरत मातीपर्यंत पोचेतो इतका सौम्य होतो की मातीला तो पेलतो. थर पातळ असले तर भार पसरायला जागाच मिळत नाही.

त्यात या भागातला भार साधा नाही. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहती, चाकणहून शिक्रापूरमार्गे येणारे कंटेनर, आणि न्हावरे, पाटस अशा कारखान्यांच्या परिसरातली उसाची वाहतूक. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ऑटावा इथे १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक दिवसरात्र फिरवून एक मोठा प्रयोग झाला. त्यातून निघालेला नियम आजही जगभर वापरतात: आसावरचा भार वाढला की रस्त्याचं नुकसान साधारण त्याच्या चौथ्या घातात वाढतं. भार दुप्पट, तर नुकसान सोळापट. भारतात २०१८ मध्ये चार टायरच्या एका आसाला परवानगी असलेला भार १०.२ टनांवरून ११.५ टन करण्यात आला. वाढ दिसायला तेरा टक्क्यांची. रस्त्याच्या हिशेबात प्रत्येक फेरीचं नुकसान साठ टक्क्यांनी जास्त. हे झालं कायद्यात बसणाऱ्या वजनाचं. खच्चून भरलेल्या ट्रॉलीचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

गळीत हंगामाची वेळही रस्त्याच्या विरुद्ध पडते. कारखाने सुरू होतात ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे परतीचा पाऊस नुकताच सरलेला असतो आणि रस्त्याखालची काळी माती आतून अजून ओली, मऊ असते. नेमक्या त्याच वेळी वर्षातला सगळ्यात जड माल, तोही गावातल्या सगळ्यात अरुंद रस्त्यांवरून, जाऊ लागतो. समोरून गाडी आली की ट्रॉलीचं एक चाक साइडपट्टीवर उतरतं आणि रस्त्याची कड तुटते. कड तुटली की तिथून पाणी आत.

पाणी आत गेल्यावर काय होतं, ते नीट पाहण्यासारखं आहे. बसाल्ट डांबराला चांगला धरतो. ग्रॅनाइटसारख्या आम्लधर्मी दगडापेक्षा नक्कीच चांगला. पण दगडाला डांबरापेक्षा पाण्याची ओढ जास्त असते. फटीतून गेलेलं पाणी खडी आणि डांबर यांच्या मधे शिरतं. वरून ट्रकचं चाक गेलं की कोंडलेलं पाणी जोराने दाबलं जातं, चाक पुढे सरकलं की ते पुन्हा ओढलं जातं. दिवसात हजार वेळा असं दाबणं-ओढणं झालं की डांबराचा पापुद्रा दगडापासून सुटतो. मग एक खडी निघते, तिच्या जागी पाणी साचतं, कडेच्या खड्या निघतात. खड्डा असा आतून सुरू झालेला असतो. गाडी आदळते तेव्हा आपल्याला तो पहिल्यांदा कळतो.

ग्रामीण रस्त्यांवर हा धोका आणखी जवळ असतो. तिथे वरचा थर बहुधा फक्त २० मिलिमीटरच्या कार्पेटचा असतो. हा थर स्वतः सच्छिद्र असतो. पाणी अडवण्याचं काम त्याच्यावरच्या सीलकोटचं, म्हणजे डांबर आणि बारीक कच यांच्या पातळ थराचं. सीलकोट घाईत, थंड डांबराने किंवा धुळीने भरलेल्या कचीने मारला तर रस्ता दिसायला काळा आणि पाण्यापुरता चाळणीसारखा.

घाईचा मुद्दा उष्णतेशी बांधलेला आहे. व्हीजी-३० वापरताना प्लांटवर मिश्रण १५० ते १६५ अंशांना तयार होतं. मिश्रण पसरणाऱ्या यंत्रातून, म्हणजे पेव्हरमधून, ते रस्त्यावर पडताना किमान १४० अंश असावं लागतं आणि रोलरचं काम ९० अंशांच्या वर असतानाच संपावं लागतं. त्याखाली गेलं की डांबर हट्टी होतं, खड्या एकमेकींत सरकत नाहीत आणि कितीही रोलर फिरवला तरी पोकळ्या तशाच राहतात. डंपरवर ताडपत्री घातलेली असते ती यासाठी. प्लांट लांब असेल, वाटेत शिक्रापूरच्या चौकासारखी कोंडी लागली, किंवा संध्याकाळी गार वारा सुटला तर तेच डांबर, तीच खडी, तोच ठेकेदार असूनही त्या दिवशीचा तुकडा कच्चा राहतो. ज्याला तपासायचं असेल त्याने साधा थर्मामीटर मागावा. कामावर तो असायलाच हवा.

डांबरी रस्ता टिकत नाही, ही समजूतही खरी नाही. पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याचं नाव लोक अजून घेतात. १९७६ साली रेकॉन्डो या कंपनीने तो हॉटमिक्स पद्धतीने बांधून दिला, दहा वर्षांची हमी दिली, आणि हमी संपून गेल्यावरही कित्येक वर्षं त्यावर खड्डा पडला नाही. त्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या नव्हत्या आणि खाली काळ्या रानाची माती नव्हती, हे मान्य. तरी पन्नास वर्षांपूर्वीचं तंत्र आणि डांबर वापरून ते झालं होतं, हे विसरता येत नाही.

मग सगळीकडे काँक्रीट का नाही? गावठाणात ते आता सर्रास होतं आणि तिथे ते योग्यही आहे. घरांचं सांडपाणी रस्त्यावरून वाहतं, गटारं तुंबतात, आणि सतत ओल्या राहणाऱ्या जागी डांबर टिकणं अवघड. टोलनाक्यावर, जिथे जड गाड्या थांबून राहतात, आणि पेट्रोल पंपावर, जिथे डिझेल सांडतं, तिथेही काँक्रीट किंवा पेव्हिंग ब्लॉक बरे. डांबर तेलातून आलं आहे आणि तेलातच विरघळतं. पण काळ्या मातीच्या हालचालीबरोबर थोडंसं वाकण्याचा गुण डांबरात आहे, काँक्रीटमध्ये नाही. शिवाय डांबरी थर खरवडून, तापवून पुन्हा वापरता येतो. फार्महाऊसच्या फाटकापासून दारापर्यंतच्या रस्त्याला किंवा मंगल कार्यालयाच्या आवाराला डांबर घालावं का, असं अनेकजण विचारतात. आसपास सार्वजनिक रस्त्याचं काम चालू असेल आणि पेव्हर, रोलर जवळ असतील तर घालावं. दोन-तीन डंपर मालासाठी प्लांट आणि यंत्रं वेगळी आणणं परवडत नाही, आणि हाताने पसरून थंड झालेलं मिश्रण घेण्यापेक्षा पेव्हिंग ब्लॉक चांगले. दोन्ही बाबतींत आधी पाण्याचा उतार काढून घ्यावा.

रस्त्यांची ही जबाबदारी कुणाची, हा प्रश्नही जुना आहे आणि त्याचं एक महत्त्वाचं उत्तर एका मराठी माणसाच्या नावाशी जोडलेलं आहे. मोटारींनी खडीचे रस्ते फुटू लागले तेव्हा सरकारने १९२७ साली बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. रस्ते ही देशाचीही जबाबदारी आहे आणि पेट्रोलवर जादा कर घेऊन तो रस्त्यांवर खर्च करावा, असं तिने सुचवलं. त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय मार्ग निधी आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली. देशातल्या रस्त्याचा कुठला थर किती जाड असावा, ते आजही याच संस्थेच्या पुस्तिका सांगतात. जयकर पुढे १९४८ साली पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. त्याच वर्षी, १ जूनला, राज्यातली पहिली एसटी अहमदनगरहून पुण्याला निघाली ती शिरूरवरूनच. दौंडला रेल्वेचं जंक्शन आहे. शिरूरच्या वाट्याला रेल्वे आली नाही. शिरूरचा दवाखाना, बाजार, कॉलेज, सगळं त्या पुणे-नगर रस्त्यावर अवलंबून राहिलं.

उद्याचं डांबर कदाचित शेतातूनही येईल. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरजवळ मनसर इथे राष्ट्रीय महामार्ग ४४ वर जैवबिटुमेन वापरलेला तुकडा खुला झाला. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेबरोबर हे तंत्र आणलं. पिकांच्या अवशेषातलं लिग्निन त्यात काही प्रमाणात खनिज डांबराची जागा घेतं. उसाच्या चिपाडातही लिग्निन असतं, त्यामुळे भीमाकाठच्या शेतकऱ्याने या प्रयोगाकडे लक्ष ठेवायला हवं. पण ते डांबरही पाच-सहा टक्केच असेल, आणि पाणी त्यालाही सोडणार नाही.

म्हणून बोलायचं ते पाण्याबद्दल. रस्त्याचा मध्य उंच आणि दोन्ही कडा खाली असाव्यात. मीटरमागे दोन-अडीच सेंटीमीटरचा ढाळ पुरतो. साइडपट्टी रस्त्यापेक्षा वर आली असेल तर पाणी रस्त्यावरच थांबतं. बाजूची चारी शेतात मिळवून घेतली असेल, मोरीचं तोंड गाळाने किंवा उसाच्या पाचटाने बुजलं असेल, पाटाचं पाणी रात्रभर रस्त्याच्या कुशीत मुरत असेल, तर कुठलंही डांबर त्या रस्त्याला वाचवू शकत नाही. पूर्वी मैलकुली फावडं घेऊन आपल्या मैलातलं पाणी वाटेला लावत असत. आता ती माणसं कमी झाली आहेत. पाइपलाइनसाठी रस्ता आडवा फोडणंही असंच घातक. चर मातीने भरला की तो पहिल्या पावसात बसतो आणि गावाला कायमचा गचका मिळतो. परवानगी घेऊन, मोरीतून किंवा रस्त्याखालून नळी सरकवून पाइप नेता येतो. आणि खड्डा बुजवायचा तर त्यात मुरूम टाकून उपयोग नाही. तो चौकोनी, उभ्या कडांनी कापून, कोरडा करून, डांबराचा हात देऊन, त्याच प्रतीच्या मिश्रणाने थर देत दाबावा लागतो.

१ मे रोजी गावोगाव ग्रामसभा भरते. पावसाला तेव्हा महिनाभर असतो. त्या दिवशी आपल्या गावच्या रस्त्यावरून शेवटच्या वस्तीपर्यंत चालत जा. किती ठिकाणी चारी बंद आहे, किती मोऱ्या बुजल्या आहेत आणि साइडपट्टी कुठे उंच झाली आहे, ते कागदावर मांडा. रस्ता नवा असेल तर त्याचा दोष दायित्व कालावधी कधी संपतो हे फलकावर पाहून घ्या, कारण तोवर दुरुस्तीचा खर्च ठेकेदाराचा असतो. मग तो कागद ग्रामसभेत वाचा आणि चाऱ्या मोकळ्या करण्याचा ठराव जूनच्या आधीच्या तारखेसह इतिवृत्तात लिहून घ्या.